एप्रिलची छाटणी

माझे वडील तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आयर्लंडमध्ये, ड्रोहेडाला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत चार पायजमे, आईने बांधून दिलेली लसणाची चटणी आणि बनियनमध्ये गुंडाळलेली छाटणीची कात्री होती. कात्री हातात धरून मी विचारलं, "अण्णा, ही कशाला?" तर म्हणाले, "असू दे. जड थोडीच आहे?" चांगली जड होती. तेवढ्या वजनात चटणीचे आणखी दोन डबे आले असते, आणि मला चटणीची गरज जास्त होती.

पण त्या कात्रीमागचं दुखणं मला ठाऊक होतं. निफाडकडची आमची द्राक्षबाग त्या वर्षी भावाने ताब्यात घेतली होती. भांडण वगैरे काही झालं नाही. भाऊ एवढंच म्हणाला, "अण्णा, तुम्ही आता ताईकडे फिरून या, इकडचं मी बघतो." हे वाक्य ऐकायला गोड होतं आणि पचायला कडू. अण्णांनी जन्मभर द्राक्षाशिवाय दुसरं काही केलेलं नव्हतं. त्यांना एप्रिल महिन्यात फिरायला पाठवणं म्हणजे आचाऱ्याला लग्नाच्या दिवशी सुट्टी देणं.

एप्रिलच का, ते सांगायला हवं. आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. माल उतरला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेलीच्या सगळ्या काड्या आडव्या फांदीपर्यंत कापायच्या, एकेक डोळा ठेवून, वेल अगदी बोडकी करायची. त्या डोळ्यांतून नवी काडी येते, उन्हाळ्याच्या तापात तिच्या पोटात घड तयार होतो, आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी केली की तो बाहेर पडतो. एप्रिल चुकला की ऑक्टोबर गेला, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. पुढे मी शिकून पुण्याला गेले, तिथून इकडे आले, आता डब्लिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. द्राक्षाशी माझा संबंध सुपरमार्केटच्या डबीपुरताच उरलेला.

शेजारचं घर एका इटालियन आजोबांचं. तरुणपणी ते इथे काकांच्या चिपरमध्ये बटाटे सोलायला आले. चिपर म्हणजे मासे आणि बटाट्याचे तळलेले काप विकणारं दुकान. आयर्लंडमधली अशी कितीतरी दुकानं रोमच्या खालच्या अंगाला, डोंगरातल्या एका खोऱ्यातल्या चार-दोन गावांतल्या लोकांनी काढलेली आहेत. आजोबांनी लग्न इथल्याच बाईशी केलं, आयुष्य तेलाच्या कढईपुढे काढलं, आणि दुकान विकल्यावर मागच्या अंगणात लक्ष घातलं. त्या अंगणात प्लास्टिकचा एक लांबट तंबू होता. इथे त्याला पॉलिटनेल म्हणतात. अण्णांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला. "पॉलीहाऊस आहे ना गं ते? आत काय लावलंय?"

आत सहा वेली होत्या. दुसऱ्या दिवसापासून अण्णा माझ्या घरी फक्त जेवायला आणि झोपायला येऊ लागले.

त्या दोघांची भाषा एक नव्हती. आजोबांची इंग्रजी म्हणजे तोंड इथल्या लाउथ जिल्ह्याचं आणि हात इटलीचे. अण्णांची इंग्रजी म्हणजे औषधांच्या डब्यांवरची. डाऊनी, फंगस, सल्फर, एक्स्पोर्ट. पण एवढ्यावर दोघांचं तासन् तास जमायचं. आजोबा त्यांना "बॉस" म्हणायचे. अण्णा माझ्याशी बोलताना त्यांना "बागाईतदार" म्हणायचे. सहा वेलींचा बागाईतदार! मी हसले तर मलाच ऐकवलं, "बाग एकरावर नसती, माणसावर असती."

मग मीही त्यांना बागाईतदारच म्हणू लागले.

घरून काम करायच्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत तिकडे जाऊन दुभाषी व्हायची. त्यातून कळलेलं असं. गावात बागाईतदारांच्या भावाची छोटी वाइनरी होती. वाइनरी म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तसलं काही नाही. घराखाली तळघर, त्यात तीन-चार लाकडी पिंपं, हाताने फिरवून रस काढायचं एक यंत्र, आणि घरामागच्या उतारावर वाडवडिलांच्या वेली. त्या खोऱ्यात अशी घरं पुष्कळ. प्रत्येकाकडे तिथलीच जुनी द्राक्षं, ज्यांची नावं पलीकडच्या जिल्ह्यातही कुणाला ठाऊक नसतात. यांच्या घराचं द्राक्ष म्हणजे मातुरानो. पांढरं, जाड सालीचं, खायला सुमार आणि वाइनला चांगलं. मधे एकदा व्यापारी येऊन सांगून गेले की ही गावठी द्राक्षं काढा, जगात खपतात ती लावा. पुष्कळांनी लावली. भावाने ऐकलं नाही. बाटल्यांवर लेबलं तो स्वतः चिकटवायचा, सगळी वाकडी. त्यांनी फोनवर फोटो दाखवला, तर भाऊसुद्धा थोडा वाकडाच उभा होता.

"मग?" अण्णांनी विचारलं.

मग भाऊ वारला. पुतण्याला कारखान्यात नोकरी होती, त्याने वेली उपटल्या आणि उतार विकून टाकला. दुर्दैव असं की त्यानंतर दोन-तीन वर्षांतच खोऱ्यातल्या दुसऱ्या घरांनी ही द्राक्षं पुन्हा लावायला घेतली. त्यांच्या वाइनची आता डब्लिनच्या हॉटेलांत मागणी आहे. पण प्रत्येक घराची वेल वेगळी, असं बागाईतदारांचं म्हणणं. त्यांच्या वडिलांच्या ओळीतलं जगात उरलं होतं ते या प्लास्टिकखाली. भाऊ जिवंत असताना एका सुट्टीत त्यांनी काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सॉसेजच्या शेजारी बॅगेत दडवून आणल्या होत्या. अण्णांना हे फार आवडलं. त्यांनी लगेच घरी जाऊन आपली कात्री आणून दाखवली. दोघांनी एकमेकांची चोरी मान्य केली.

सहा वेलींतून दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी एक काचेचा मोठा बुधला भरायचा. आदल्या वर्षी मात्र बागाईतदार आजारी पडले आणि द्राक्षं वेलीवरच सडली. तेव्हाच आजाराचं नाव कळलं. इथल्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पुढच्या नाताळाबद्दल काही बोलायचं नाकारलं, पण हिवाळ्यात बागाईतदारांनी कसंबसं उभं राहून वेली छाटल्या होत्या. त्यांना या सप्टेंबरचा माल हवा होता. तेवढा एक बुधला. त्यांनी हे मला अंगणात उभं राहून सरळ सांगितलं, बाजाराची यादी सांगावी तसं. "सप्टेंबरपर्यंत मी आहे. ऑक्टोबरचं माहीत नाही. घरच्या द्राक्षाचा एक ग्लास, नुसता रस का असेना, पिऊन जायचं आहे." मी मराठीत एवढंच सांगितलं की दिवस थोडे आहेत आणि घरच्या द्राक्षाचा एक ग्लास पिऊन जायचं आहे; महिन्यांची नावं माझ्याच्यानं घेववली नाहीत. अण्णांनी मान हलवली आणि पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी देश सोडून निघाले तेव्हाही त्यांनी मला असं धरलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची एक बाटली शिल्लक होती, ती अण्णांसाठी उघडली गेली. अण्णा माळकरी नसले तरी दारूला न शिवणारे. युरोपला कंटेनर भरून द्राक्षं पाठवली, पण वाइन कधी चाखली नव्हती. मैत्रीखातर एक घोट घेतला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "आंबलेलं ताक बरं. पण त्याला सांग, झकास आहे." मी सांगितलं. तेव्हा मी आनंदाने खोटं बोलले होते.

त्याच दिवशी बोलता बोलता बागाईतदार म्हणाले होते की ते वर्षातून एकदाच छाटतात. अण्णा हसले. "एकदाच? थंडीत? मग काय आळशाची शेती." तेही हसले. सगळ्यांना वाटलं, थट्टा चालली आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला बागाईतदारांना ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात ठेवलं. जाताना त्यांनी अण्णांना काम दिलं. सकाळी पॉलीहाऊसचं दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं, माती कोरडी वाटली तर पाणी. मी शब्दन् शब्द सांगितला. अण्णांनी छातीवर हात ठेवून "नो टेन्शन" म्हटलं. आजी, म्हणजे बागाईतदारांची बायको, रोज हॉस्पिटलात जायची. तिला वेलींतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. चिपरमध्ये आयुष्यभर बटाट्याची साल बघितलेल्या बाईला कुठल्याच झाडाचं कौतुक राहत नसावं.

त्या आठवड्यात मला दोन दिवस डब्लिनला ऑफिसात जावं लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने आले तर अण्णा दारातच उभे. चेहरा असा खुललेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. हात काळे, बोटाला पट्टी. "चल, तुला दाखवतो." मी बूटही न काढता त्यांच्यामागे गेले.

सहाही वेली बोडक्या होत्या. बागाईतदारांनी थंडीत प्रत्येक वेलीवर एकेक लांब काडी राखून तारेवर वाकवून बांधली होती. त्या काड्या गेल्या होत्या. कापलेल्या टोकांतून पाणी टपकत होतं आणि खाली माती ओली झाली होती. "बिचाऱ्याच्यानं झालंच नाही," अण्णा म्हणाले, "मागच्या मालाच्या काड्या तशाच बांधून ठेवल्या होत्या. डोळे फुगायला लागले होते बघ. अजून आठ दिवस गेले असते तर एप्रिल हातचा गेला असता." कापलेल्या काड्यांची त्यांनी नीट मोळी बांधून आजीच्या दारात नेऊन ठेवली होती. आजीने ती शेगडीत घातली होती. तिच्या धुराड्यातून धूर येत होता.

थंडीतली छाटणी, सप्टेंबरचा माल, मी ऐकलं होतं सगळं, पण ते एकमेकांशी जोडणं मला जमलं नाही. मला खरंच वाटलं की अण्णांनी फार मोठं काम केलं. सांगायची गोष्ट म्हणजे मला त्यांचा अभिमान वाटला. आमच्याकडे एखाद्याच्या घरी दुखणं आलं की शेजारचे लोक न सांगता त्याची पेरणी करून जातात. अण्णांनी तेच केलं होतं, फक्त समुद्रापलीकडे येऊन केलं होतं.

बागाईतदार घरी आले त्या दिवशी अण्णांना धीर नव्हता. आजी आधी सूप पाजणार होती, तर हे दारात जाऊन उभे. एका बाजूने अण्णा, दुसऱ्या बाजूने मी, असे आम्ही त्यांना धरून पॉलीहाऊसमध्ये नेलं. ते आत आले आणि थांबले. मी त्यांच्या दंडाला धरलं होतं, म्हणून मला कळलं. तो हात आधी जड झाला, मग अगदी हलका झाला. त्यांनी पुढे होऊन एका कापलेल्या टोकाला अंगठा लावला, ओला अंगठा पाहिला, शर्टाला पुसला. अण्णा बोलत होते, "त्यांना सांग, आता बघा कशा काड्या येतात, उन्हाळाभर काडी पोसायची आणि ऑक्टोबरला..." मी भाषांतर करत होते आणि ते ऐकत नव्हते.

मग ते अण्णांकडे वळले, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "ग्रँड जॉब, बॉस. ग्रँड."

मला त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. अण्णा अंघोळीला गेले होते. स्वयंपाकघरात बसून, चहा ढवळत, त्यांनी सांगितलं. त्यांच्या वेलीला घड त्याच वाकवलेल्या लांब काडीवर येतो. त्याच वसंतात फुटतो आणि त्याच सप्टेंबरात पिकतो. दुसरी छाटणी नसते. खालच्या डोळ्यांतून आता फक्त पाला येईल. पुढच्या वर्षी द्राक्षं येतील. "पुढच्या वर्षी," असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा थोडं हसले.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. लहानपणी हे ऐकून हसू यायचं. त्या स्वयंपाकघरात आलं नाही. मी म्हणाले, मी अण्णांना सांगते, ते येऊन तुमचे पाय धरतील. त्यांनी चमचा खाली ठेवला. "नाही. तू नाही सांगायचंस. त्याने मित्रासाठी केलं. माझ्याकडे थोडे महिने आहेत, ते रागावून घालवायचे नाहीत. त्याच्याकडे अजून वर्षं आहेत, ती त्याने हे मनात घेऊन घालवायची नाहीत." आणि माझ्याकडून वचन घेतलं.

लोक हे ऐकून म्हणतात, किती मोठा माणूस. होताच मोठा. पण मला तेव्हा राग आला होता, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. मोठेपणा त्यांचा, आणि सांभाळायचा मी. अण्णांचाही राग आला. जगातली कुठलीही वेल निफाड तालुक्यातच उगवते असं समजणाऱ्या त्यांच्या त्या ठाम मानेचा. रागावून रागावून रात्री भाकरी थापताना मी तवा जाळला आणि अण्णा म्हणाले, "ऑफिसात काही झालं का गं?"

पुढचे दोन महिने मी पाहिलं ते असं. खालून काड्या फुटल्या, आणि अण्णांच्या हाताने पोसल्या गेल्या म्हणून सरसरून वर गेल्या. हिरव्या, जोमदार, पानं ताटाएवढी. एकाही काडीवर घड नाही. आमच्याकडे अशा काडीला वांझ म्हणतात, पण आमच्याकडे एप्रिलनंतरची काडी असायचीच तशी. म्हणून अण्णांना त्यात वावगं काही दिसेना. रोज सकाळी ते बागाईतदारांना खुर्चीसकट आत नेऊन बसवायचे, एकेक काडी हातात धरून जाडी दाखवायचे, शेंडा मारायचे, बगलफूट काढायचे. बागाईतदार प्रत्येक काडीकडे बघून मान हलवायचे. जाताना अण्णांना फाटकापर्यंत सोडायला यायचे, अगदी चालवत नव्हतं तेव्हाही. मी खिडकीतून बघायची आणि लॅपटॉपकडे वळायची.

जूनमध्ये अण्णांचा परतीचा दिवस आला. त्यांनी कात्री बागाईतदारांना दिली. पुसून, तेल लावून, त्याच बनियनमध्ये गुंडाळून. "ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सात-आठ डोळ्यांवर छाटा," ते म्हणाले, "मग बघा माल. मला एक फोटो पाठवा." मी भाषांतर केलं. बागाईतदार म्हणाले, "सात-आठ डोळ्यांवर. बरोबर, बॉस." एअरपोर्टला जाताना गाडीत अण्णा म्हणाले, "हा माणूस ऑक्टोबर बघेल ना गं?" मी रस्त्यावरची नजर काढली नाही. बघेल म्हणाले.

ते गेल्यावर जुलैमध्ये एका वेलीवर, अगदी खाली, पानांच्या आड, एक घड निघाला. मूठभर. बागाईतदारांना कोणी तरी राजमुकुट द्यावा तसं झालं. एका घडाचा बुधला होत नाही, पण ते म्हणाले, दोन घोट तर निघतील. मग रोज सकाळी आजी त्यांना त्या घडापुढे नेऊन बसवायची आणि स्वतः बाहेर उभी राहून सिगारेट ओढायची.

ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा हॉस्पिटलात हलवलं. दार उघडायचं काम माझ्याकडे आलं. एका सकाळी घडावर पीठ शिंपडल्यासारखं पांढरं दिसलं. ती भुरी होती, लहानपणापासून मी ती ओळखते, पण तिचा इलाज करणारी मी कधीच नव्हते. मी फोटो काढला. अण्णांना पाठवायला हातात फोन धरून उभी राहिले. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं, काय मारायचं, किती मारायचं, पाला कुठला काढायचा. पण फोटो पाहून त्यांचा पहिला प्रश्न काय आला असता? ऑगस्टात घड कसा? ऑक्टोबर तर अजून लांब आहे. बागाईतदार हॉस्पिटलात मॉर्फिनवर होते, त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. इंटरनेटवर दहा उत्तरं मिळाली आणि दहाही वेगळी. बागेच्या दुकानातून पावडर आणून मारली, पण मण्यांना चिरा पडल्या होत्या. आठवड्याभरात घड काळा होऊन वाळला. मी तो तोडला नाही. बागाईतदारांना कोणी काही सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ज्या दिवसांत इतर वर्षी त्यांची द्राक्षं उतरायची, त्या दिवसांत ते घरी येऊन वारले.

इथे माणूस गेला की त्याला एक दिवस घरी ठेवतात. पेटी बैठकीच्या खोलीत उघडी, लोक रांगेने येतात, घरच्यांचा हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणतात, मग स्वयंपाकघरात चहा आणि सँडविच. लोक हसतातही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते कसंसंच वाटलं होतं. आता वाटत नाही. बागाईतदारांना कोट घातला होता, हातांत जपमाळ होती, आणि उशाशी बनियनचं एक गाठोडं होतं. मी ते ओळखलं. आजी म्हणाली, त्यानेच सांगितलं होतं, बॉसची कात्री सोबत ठेव.

आजीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुझ्या वडिलांना फोन लाव. मला त्याने काम सांगून ठेवलंय." मला वाटलं, गेल्याची बातमी सांगायची असेल. मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती, अण्णा ओट्यावर बसले होते, मागे वहिनीच्या स्वयंपाकाचे आवाज. मी सांगितलं, अण्णा, बागाईतदार गेले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेवढ्यात आजीने फोन घेतला. दुसऱ्या हातात पांढऱ्या वाइनचा ग्लास होता. सुपरमार्केटची बाटली मागे प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, दडवलेली मला दिसत होती. ती मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं सावकाश बोलली. "बॉस! युअर ग्रेप्स! ग्रँड ग्रेप्स! धिस सप्टेंबर! ही हॅड हिज ग्लास!" आणि ग्लास कॅमेऱ्यापुढे धरला. सप्टेंबरात उतरलेल्या द्राक्षाची त्याच सप्टेंबरात वाइन होत नाही हेही बिचारीला ठाऊक नव्हतं. नवऱ्याने सांगितलेलं तिने केलं होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

अण्णा "गुड, गुड" म्हणाले. हात जोडले. आजीने फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर लोकांत गेली.

अण्णा स्क्रीनकडे बघत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सप्टेंबर म्हणाली का गं ती?"

मी हो म्हणाले. नाही म्हणायचं सुचलंच नाही.

"गोडी छाटणीच्या आधी माल?"

त्यांनी आयुष्यभर वेलींकडे बघितलेलं. त्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. आजीच्या खोट्याने त्यांना सगळं सांगितलं होतं, जे मी पाच महिने दाताखाली धरून ठेवलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. ते महिने उलटे मोजत होते, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, खाली एप्रिलपर्यंत.

"म्हणजे ती बांधलेली काडी," ते म्हणाले, "मालाची होती."

"अण्णा..."

"मग हा ग्लास कशाचा?"

"दुकानातला."

"त्याला कळलं होतं?"

"हो."

"कधी?"

"घरी आले त्याच दिवशी."

मागून वहिनीने विचारलं, अण्णा, वाढू का? त्यांनी ऐकलं नाही. टोपी हातात घेतली, परत मांडीवर ठेवली. मी म्हणाले, त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं अण्णा, तुम्ही मित्रासाठी केलं असंच ते म्हणाले. हे खरं होतं. पण खरं असूनही ते कुठे पोचलं नाही, माझ्या तोंडाभोवतीच फिरत राहिलं.

"अगं, मी त्याला रोज खुर्चीवर बसवून काड्या दाखवत होतो," अण्णा म्हणाले. "बघा किती जाड झाली म्हणून. रोज दाखवत होतो गं."